पारोळ्याचे सदाशिवराव आणि न दिसलेला पहिला भाग

सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ आला १९५३ साली. टेक्निकलरमध्ये निघालेला आपल्याकडचा पहिला सिनेमा. कॅमेरा धरायला हॉलिवूडचा माणूस, राणीच्या कामाला मोदींच्या पत्नी मेहताब, राजगुरू स्वतः मोदी. पैसा पाण्यासारखा ओतला आणि सिनेमा साफ पडला. आमच्या खानदेशातल्या पारोळ्यात मात्र तो पडला हे मान्य करायला कुणी तयार नसे. गावात किल्ला आहे, किल्ला नेवाळकरांचा, आणि नेवाळकर म्हणजे झाशीच्या राणीचं सासर. एवढ्या भांडवलावर तो सिनेमा गावाने आपल्या नावावर करून घेतला होता. जुन्या माणसांची तक्रार एकच असायची. राणी ग्वाल्हेरला पडते आणि पडद्यावर ‘समाप्त’ येतं. किल्ल्याचं काय झालं, पोराचं काय झालं, हे कोण सांगणार?

ते सांगायचं आम्ही एकदा मनावर घेतलं होतं. व्हीएचएसच्या काळातली गोष्ट. माझा फोटो स्टुडिओ होता, पण कमाई लग्नाच्या शूटिंगची. पॅनासॉनिकचा एम-थ्री थाउजंड खांद्यावर, हॅलोजन धरायला एक पोरगा आणि वायर सांभाळायला दुसरा. दूरदर्शनवर तेव्हा तेरा भागांच्या मालिकांचे दिवस होते. आधी एक नमुन्याचा भाग करून दाखवायचा, त्याला पायलट म्हणायचे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे गुरुजी एक दिवस वही घेऊन स्टुडिओत आले. म्हणाले, “मोदींनी जिथे सोडलं तिथून आपण धरायचं.”

वहीत पहिलं पान किल्ल्याचं होतं. हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ मध्ये तो बांधला. गॅझेटियर सांगतं की त्याआधी पारोळा पन्नासेक घरांचं खेडं होतं आणि याच घराण्याने त्याचं तटबंदीचं गाव केलं. डोंगर नाही, टेकडी नाही. सपाट रानात, बाजाराच्या मधोमध उभा केलेला भुईकोट. भोवती खंदक, दाराशी काढता पूल आणि दोन्ही अंगांना बुरूज. नेवाळकर मूळचे कोकणातले, पेशवाईत वर चढलेले. घराण्यातले रघुनाथ हरि पुढे झाशीचे सुभेदार झाले आणि तिकडची शाखा राजेपदाला पोचली. पारोळ्याची शाखा जहागिरीवर राहिली. भाऊबंदकीचं बी इथेच पडलं.

१८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव मरणाला टेकले. आदल्या दिवशी त्यांनी वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव हा मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं, आणि २१ तारखेला ते गेले. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी झाशी खालसा केली, इतपत शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतात ते सदाशिवराव नारायण. पारोळ्याचे म्हणून ओळखले जाणारे हे भाऊबंद झाशीच्या गादीवर आपला हक्क सांगत होते. जून १८५७ मध्ये झाशीतली इंग्रजी सत्ता उडाली, राणीने कारभार हाती घेतला, आणि त्याच महिन्यात सदाशिवरावांनी माणसं जमवून करेऱ्याचा किल्ला घेतला. करेरा आज मध्य प्रदेशच्या शिवपुरी जिल्ह्यात येतं. तिथे त्यांनी स्वतःला झाशीचा महाराज म्हणवलं आणि आजूबाजूच्या गावांवर वसुलीचे हुकूम सोडले. राणीने फौज धाडली. सदाशिवराव शिंद्यांच्या मुलखात नरवरकडे पळाले आणि शेवटी पकडले गेले. म्हणजे इंग्रजांशी दोन हात करण्याच्या आधी राणीने ज्या पहिल्या मोहिमा काढल्या, त्यांतली एक आमच्या गावच्या माणसावर होती.

गुरुजींनी हे पाच मिनिटांत बसवलं होतं. आमचा भाग सुरू व्हायचा राणीच्या चितेपासून, मोदींचा शेवट तीच आमची सुरुवात. तिथून मागे करेऱ्याला, मग पुढे पारोळ्याला. सदाशिवरावांच्या कामाला बाजारातला एक कापडवाला घेतला होता. मिशा त्याच्या स्वतःच्या, अंगरखा लग्नातल्या नवरदेवाचा. किल्ल्याच्या पडक्या दारात त्याला उभं केलं, मागून हॅलोजन मारला, तेव्हा तो खरंच जहागीरदार वाटला होता. वायर कुणाच्या तरी दुकानातून ओढली होती आणि दुकानदार दर दहा मिनिटांनी “झालं का?” विचारायला यायचा.

शूटिंग बघायला अर्धा गाव लोटला. सदाशिवराव राणीविरुद्ध बोलायला लागले तशी कुजबुज झाली. संध्याकाळी एक वजनदार गृहस्थ स्टुडिओत येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, हाई दखाडू नको. गावनं नाव खराब व्हई.” गुरुजी हटले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: राणीच्या गोष्टीत पारोळ्याचा जो माणूस नावानिशी सापडतो तो हा. त्याला काढलं तर उरतं काय? किल्ल्यातून नागेश्वराच्या देवळापर्यंत भुयार जातं ही दंतकथा, आणि पारोळा राणीचं माहेर की सासर यावरचा वाद. मला तेव्हाही गुरुजींचं पटलं होतं, आजही पटतं. सदाशिवरावांच्या ठिकाणी दुसरा कुणी असता तर तो वेगळा वागला असता असं मी मानत नाही; लग्नांत मी फार भाऊबंद पाहिलेत.

पुढचा भाग, जो गुरुजींना मनापासून दाखवायचा होता, तो धामधूम मिटल्यानंतरचा. तोवर खानदेशातही कमी झालं नव्हतं. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल उठले होते, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई होऊन गेली होती. पारोळ्याच्या जहागीरदारांवर सरकारविरोधाचा ठपका आला, जहागीर जप्त झाली, गाव सरकारात गेलं आणि किल्ला मोडून निकामी केला. तिकडे दामोदरराव आठ-नऊ वर्षांचे. राणीची मोजकी माणसं त्यांना घेऊन बुंदेलखंडाच्या जंगलांत लपतछपत फिरली, अंगावरचं सोनं विकत विकत झालरापाटणला आली, आणि तिथून १८६० मध्ये त्यांना इंदूरला आणलं गेलं. इंग्रजांनी सालीना दहा हजारांची नेमणूक बांधून दिली. हा राजपुत्र इंदुरातच वाढला, संसारी झाला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. घराण्याला पुढे आडनाव लागलं झाशीवाले.

गुरुजींचा लाडका प्रसंग होता किल्ल्याची मोजदाद. सरकारी कारकून फिरतोय, दारं किती, लाकूड किती, दगड किती, आणि जहागीरदाराच्या घरची माणसं ओट्यावर बसून ऐकतायत. असा कागद त्यांनी कुठे पाहिला नव्हता, प्रसंग कल्पनेचाच. पण मला वाटतं आमच्या कॅसेटमधला चांगला भाग तोच. त्यात कुणी तलवार उपसत नाही.

कॅसेट मुंबईला एका कार्यालयात दिली. व्हीएचएस घेत नाही, यू-मॅटिकवर आणा, असं उत्तर मिळालं. कुणीतरी जाता जाता हेही सांगितलं की राणी मेल्यावर राणीची मालिका कोण बघणार? यात त्या माणसाची चूक मला दिसत नाही. अमेरिकेत ‘फार्गो’ हा गाजलेला सिनेमा १९९६ मध्ये आला, दुसऱ्याच वर्षी त्याची गोष्ट टीव्हीवर पुढे नेणारा पायलट तयार झाला, तो दिग्दर्शित केला कॅथी बेट्ससारख्या ऑस्करवाल्या बाईने, तरी तो कपाटात पडला आणि २००३ मध्ये कुठेतरी एकदा दाखवला गेला. तिथे आमच्या हॅलोजनची काय कथा! पायलटला तिकीट काढून येणारा प्रेक्षक नसतो. टेबलापलीकडच्या एका माणसासाठी तो काढलेला असतो, आणि त्या माणसाला त्या दिवशी जेवायला उशीर झालेला असू शकतो.

नंतर झी टीव्हीवर २००९ ते २०११ राणीची मोठी मालिका चालली. गावात घरोघर बघितली गेली. शेकडो भाग झाले आणि तीही राणीबरोबरच संपली. २०१९ च्या जानेवारीत कंगना रनौतचा ‘मणिकर्णिका’ आला आणि त्यात चक्क सदाशिवराव होते. मोहम्मद झीशान अय्यूबने केलेले, पक्के खलनायक. त्याआधी हीच भूमिका सोनू सूदने बरीचशी शूट केली होती आणि मग तो सिनेमातून बाहेर पडला. म्हणजे सदाशिवरावांच्या नशिबी न दिसलेली रिळं दोनदा आली, एकदा आमच्याकडे आणि एकदा बॉलिवूडमध्ये.

तो सिनेमा मी धुळ्याला जाऊन पाहिला. बरोबर गावातली चार तरुण पोरं होती. मध्यंतरात एकाला विचारलं, हा सदाशिव कुठला माहीत आहे का? तो म्हणाला, “असेल झाशीचाच.” मी त्याला पॉपकॉर्नच्या रांगेत उभ्या उभ्या करेऱ्यापासून नरवरपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग मोबाइल काढून म्हणाला, “काका, याचं रील करू या का? किल्ल्यातच. फक्त त्याला आपल्या गावचा म्हणायचं नाही.”