'लॉयल्टी' : एका जहाजाचे तीन जन्म

डून लेरीच्या बंदराचे दोन दगडी बाहू १८१७ साली समुद्रात पसरू लागले, त्याला आता दोन शतके उलटून गेली. १८२१ पासून १९२० पर्यंत या गावास किंग्जटाउन म्हणत. येथून होलीहेडला टपाल व उतारू घेऊन जाणाऱ्या आगबोटी हे या बंदराचे वैभव होते. त्यांपैकी 'लेन्स्टर' ही आगबोट १० ऑक्टोबर १९१८ रोजी येथून निघाली आणि जर्मन पाणबुडीच्या पाणतीरांना बळी पडली. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तिचा नांगर आज बंदरासमोर स्मारक म्हणून ठेवलेला आहे.

शांततेच्या काळात उतारू वाहणाऱ्या जहाजास युद्ध कोणत्या कामास जुंपील, याचा नेम नसतो. होलीहेड व डब्लिन यांच्या दरम्यान चालणारी 'अँग्लिया' ही आगबोट १९१५ साली इस्पितळ-जहाज झाली. अशा जहाजांसाठी १९०७ च्या हेगच्या कराराने नियम घालून दिले होते. जहाज पांढऱ्या रंगाने रंगवावे. सरकारी असल्यास त्याच्या अंगावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा ओढावा, खाजगी मदतीने चालविलेले असल्यास तांबडा. वर रेडक्रॉसचे निशाण लावावे. आणि शत्रुमित्र असा भेद न करता जखमींची शुश्रूषा करावी. परंतु समुद्रात पेरलेला सुरुंग रंग पाहत नाही. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी फ्रान्समधून जखमी शिपायांना आणीत असता 'अँग्लिया' फोकस्टनजवळ सुरुंगावर आदळून बुडाली आणि शंभराहून अधिक जीव गेले.

याच आयरिश समुद्राच्या पलीकडच्या काठावर बॅरो हे जहाजबांधणीचे गाव आहे. तेथे १८९० साली एक जहाज पाण्यात उतरले, आणि त्याची कथा मात्र आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते. त्याचे पहिले नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे हे सुमारे सहा हजार टनांचे, पांढऱ्या रंगाचे, डौलदार उतारू जहाज १८९१ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून निघाले आणि सुएझमार्गे पूर्वेकडे जाऊन एप्रिलअखेर व्हँकुव्हरला पोहोचले. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते कॅनडा, जपान आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान टपाल व उतारू वाहत राहिले. हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचे नाव मिरविणाऱ्या त्या जहाजाचा नित्याचा मार्ग मात्र हिंदुस्थानच्या किनाऱ्यास शिवत नव्हता.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि हिंदी पलटणी समुद्रापार निघाल्या. हिंदी संस्थानिकांनी एकत्र येऊन जखमींसाठी 'लॉयल्टी' नावाचे इस्पितळ-जहाज देऊ केले, आणि त्यात पुढाकार होता ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचा. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडहून उदय पावलेल्या या मराठी घराण्याच्या वंशजास हे काम नवे नव्हते. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठीही त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाचे इस्पितळ-जहाज दिले होते. १९१४ च्या डिसेंबरात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' खरेदी करण्यात आले. जेथे श्रीमंत उतारू भोजनास बसत, तेथे आता हिंदी जवानांच्या खाटा लागल्या. 'लॉयल्टी' म्हणजे राजनिष्ठा. हा त्या जहाजाचा दुसरा जन्म.

अशा जहाजाचे मोल काय होते, हे मेसोपोटेमियात दिसून आले. तेथे लढणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना तैग्रीस नदीतून खाली आणावयास पुरेशा इस्पितळ-बोटी नव्हत्या. उघड्या पडावांवर, मलमपट्टीवाचून, अनेक दिवस त्यांना पडून राहावे लागले. बसऱ्यास 'व्हरेला' या इस्पितळ-जहाजावर असलेल्या मेजर कार्टर नामक डॉक्टराने हे पाहून निर्भीडपणे लिहून कळविले. १९१७ साली चौकशीमंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री चेंबर्लेन यांना अधिकारपद सोडावे लागले.

आपणा गिरमिटिया वंशजांस या कथेत आणखी एक अर्थ दिसल्यावाचून राहणार नाही. आपल्या पूर्वजांना नेणाऱ्या जहाजांवरही डॉक्टर असत. १८३४ साली 'ॲटलस' जहाजातून छत्तीस मजूर मॉरिशसला उतरले आणि पुढे कोकणातील किती तरी कुटुंबे मुंबई बंदरातून त्याच वाटेने गेली. वेस्ट इंडीज व फिजीकडे जाणाऱ्या जहाजांवरील डॉक्टरास, जेवढे मजूर जिवंत उतरतील तेवढ्या डोक्यांमागे मोबदला मिळे. तेथे औषध दिले जाई ते माणूस मळ्यात उभा राहावा म्हणून. इस्पितळ-जहाजाचा नियम निराळा होता. जखमी माणसाची किंमत तेथे कोणी करावयाची नव्हती. समुद्र तोच, लाकूडलोखंडही तेच. माणसाकडे पाहण्याची दृष्टी तेवढी वेगळी.

त्याच युद्धाने गिरमिटाचा फासही सैल केला. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धती बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा सरकारी मतांनी तो पाडला. परंतु लोकमत जागे झाले होते. १९१६ साली पंडित मालवीयांच्या ठरावास सरकारने तत्त्वतः मान्यता दिली आणि १९१७ च्या मार्चमध्ये युद्धकालीन कायद्याखाली मजुरांची निर्यात थांबविण्यात आली. १ जानेवारी १९२० रोजी गिरमिट पद्धती कायमची संपली.

युद्ध संपले तेव्हा 'लॉयल्टी' मुंबईत विक्रीस निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद प्रभृती भागीदारांसह ते घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. जहाजाच्या आधीच्या धन्याचे आडनाव कंपनीस मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. हा तिसरा जन्म. हिंदी लोकांनी जहाजे चालविण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता असे नाही. १९०६ साली तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढली होती आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला होता. पण हिंदी मालकीचे मोठे जहाज विलायतेस जाते, ही गोष्ट परकी कंपन्यांना रुचण्यासारखी नव्हती. त्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीस जेरीस आणले. जुने जहाजही थकले होते. १९२३ साली मुंबईतच ते मोडीत निघाले. कंपनी मात्र टिकली, आणि १९६४ पासून भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जे नाव साम्राज्यावरील निष्ठेची ग्वाही म्हणून ठेवले गेले, तेच नाव मिरवीत ते स्वदेशी उद्योगाचे अग्रदूत झाले. जहाजाला स्वतःची दिशा नसते. सुकाणू ज्याच्या हाती, त्याची इच्छा ती जहाजाची दिशा. आपले पूर्वज समुद्रावर आले तेव्हा सुकाणू दुसऱ्याच्या हाती होते, तरी त्यांनी भाषा, देव आणि माणुसकी या तीन गोष्टी पाण्यात पडू दिल्या नाहीत. आज त्यांचे वंशज आपल्या इच्छेने डून लेरीसारख्या बंदरांत उतरतात आणि आपल्या इच्छेने परततात. बॅरोच्या दिशेने पसरलेला तो राखाडी समुद्र पाहताना या जहाजाचे स्मरण ठेवावे, आणि सुकाणू हाती आले आहे तर आपल्या जहाजावर आजाऱ्यासाठी आणि परक्यासाठी एक खाट राखून ठेवावी.