धांवेपासून टायरपर्यंत

बैलगाडीच्या चाकावर जो लोखंडी पट्टा चढवितात त्यास आपण धांव म्हणतों. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल करतो, लांकडी चाकावर बसवितो आणि वरून पाणी ओततो; निवतांना धांव आंवळते व सारें चाक एकजीव होतें. हें चाक ओझें पेलतें तें आपल्या कठीणपणावर. रबरी टायर मात्र ओझें पेलतो तो आंत कोंडलेल्या हवेवर. हा एवढा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें जड मालमोटारीस नवे टायर घेतांना जाणतीं माणसेंही फसतात.

चिचगड हें गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यांतील गांव. इंग्रजी अमदानींत ती मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांतील एक जमीनदारी होती. 1951 सालीं जमीनदाऱ्या गेल्या आणि 1999 सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड देवरीवरून जातो. तो सोडून दक्षिणेस वळलें कीं चिचगडचा जंगली मुलूख लागतो. बांबू, मोह, तेंदूपान हा तेथील माल बैलगाडीनेंच बाहेर येई. पावसाळ्यांत अरुंद धांव ओल्या मातींत रुतत जाई आणि चाकोरी खोल होई. गाडीवानास चाकाची निवड अशी करावयाचीच नसे. ओझें अधिक झालें तर बैल उभे राहत, आणि हिशेब तेथेंच मिटे. मोटारीस हा गुण नाहीं. ती कुरकुर न करतां चालत राहते आणि टायर फुटल्यावरच बोलते.

चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन गृहस्थानें 1839 सालीं गंधक व उष्णता ह्यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. 1845 सालीं रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश कारागिरानें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें. रबर दिलेल्या कापडाची नळी व वर चामड्याचें वेष्टण, असें तें होतें. जगानें तें विसरून टाकलें. 1888 सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप ह्यानें मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच कल्पना पुन्हां काढली, आणि ती सायकलींवरून मोटारींवर गेली. मालमोटारी मात्र 1914 च्या महायुद्धांतही भरीव रबरावर धडधडत होत्या. पोकळ टायरवर एवढें ओझें राहील असा कोणास भरंवसाच नव्हता. 1917 सालीं गुडइयर कंपनीनें हवेच्या टायरवर एक मालमोटार अॅक्रनहून बॉस्टनला धाडली, तेव्हांपासून तो भरंवसा वाढूं लागला.

आपल्याकडे डनलॉपचा कारखाना 1936 सालीं बंगालमध्यें साहागंज येथें निघाला. फेब्रुवारी 1942 मध्यें सिंगापूर पडलें, मलायांतील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले, आणि टायर शिधापद्धतीवर आले. त्या दिवसांत निवडीचा प्रश्नच नव्हता. मिळेल तें ठिगळ लावून गाडी चालवावयाची. मला वाटतें, ‘चालतें आहे तोंवर चालवावें’ ही आपली खोड त्या टंचाईनें पक्की केली असावी. पुढें 1958 सालीं मुंबईंत सीएट कंपनी स्थापन झाली आणि माल मुबलक झाला, तरी खोड राहिलीच.

आतां निवडीकडे वळूं. फिरत्या सिनेमाची मोटार, वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळीची गाडी, किंवा हल्लीं हौशी कुटुंबें ट्रकच्या पाठीवर निजण्याजेवण्याची खोली बांधून घेतात ती (2021 सालीं महाराष्ट्र सरकारनें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें), ह्या साऱ्यांचा एक विशेष आहे. मालाचा ट्रक परततांना रिकामा होतो. हीं घरें कधींच रिकामीं होत नाहींत. म्हणून माणसें, पाणी व तेल यांसह गाडी धर्मकांट्यावर न्यावी आणि पुढचा व मागचा कणा वेगवेगळा तोलावा. पाण्याची टांकी एका अंगास असेल तर त्या अंगाचें वजन निराळें धरावें.

मग टायरवरील आंकडे वाचावे. आपल्या रस्त्यांवर बहुपरिचित असलेल्या 10.00-20 मापाच्या टायरवर बहुधा 146/143 असें लिहिलेलें असतें. ह्याचा अर्थ, नेमकी हवा भरली असतां तो एकटा 3000 किलो व जोडींत 2725 किलो पेलतो. दोन पुढें व चार मागें धरल्यास 6000 आणि 10,900 किलो होतात. 2018 पूर्वीं कायद्याची मर्यादा पुढच्या कण्यास 6 टन व मागच्यास 10.2 टन होती. त्या वर्षीं ती 7 आणि 11.5 झाली. परंतु सरकारी कागदावरील आंकडा वाढल्यानें जुन्या मापाच्या टायरचें बळ वाढत नाहीं. दुकानदार ‘सोळा प्लायचा आहे’ असें सांगून समजूत घालतो. सुती धाग्याच्या काळीं ते खरोखरीचे थर होते. पुढें रेयॉन, नायलॉन व पोलाद आलें, थर कमी झाले, आणि सोळा हा केवळ बळाचा दर्जा उरला.

मिशेलिन कंपनीचें 1946 सालचें रेडियल टायर कमी तापतें व पुष्कळ टिकतें. पण एकाच कण्यावर रेडियल व साधा नायलॉन असे जोडूं नयेत. देवरीच्या सडकेसाठीं पुढें रिब पुरे. चिचगडकडील चिखलामुरुमासाठीं मागें लग लागतो.

फिरतीं घरें महिनेन्‌महिने उभीं राहतात. नक्षी कोरी दिसते, आणि रबर मात्र म्हातारें होऊन कडेला भेगा पडतात. टायरच्या अंगावर चार आंकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायरही हे आंकडे पाहूनच घ्यावा.

जादा चाकास आपण स्टेपनी म्हणतों तें वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून. 1904 च्या सुमारास तेथें अशीं चाकें बनूं लागलीं. विलायतेंत तो शब्द मागें पडला, आपल्याकडे नांदतो आहे. जुन्यांतला त्यांतल्या त्यांत बरा टायर स्टेपनीस टाकण्याची आपली रीत आहे. पण जंगलाच्या रस्त्यावर पुढचा टायर बसला म्हणजे तोच म्हातारा पुढें लावावा लागतो, आणि पुढच्या कण्यावर त्यास जोडीदार नसतो. सहा घेतांना सातवाही त्याच मापाचा व त्याच वर्षाचा घ्यावा.