बालाघाटावरील शिदोरी

प्राणिज पदार्थ, अगदी दूध-तूपही, वर्ज्य मानणाऱ्या आहाराला आज ‘व्हीगन’ म्हणतात. परंतु बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगराळ भागातील पाटोदा, आष्टी, धारूर या कोरडवाहू तालुक्यांत दुधावाचून टिकणारी शिदोरी, म्हणजे प्रवासात बांधून न्यायचे अन्न, फार पूर्वीपासून घडत आली, आणि तिला घडवले ते दुष्काळाने व स्थलांतराने. तिच्यातील चटणीचे तीळ आणि जवस जुने आहेत, तर मिरची व भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असल्याने आज अस्सल गावरान वाटणारी शेंगदाण्याची चटणी इतिहासाच्या मानाने अर्वाचीनच ठरते.

1950 नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले, तसे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकर जोडप्यांची, ज्यांना ‘कोयता’ असे एकच नाव मिळाले, संख्याही वाढत गेली. पहाटे उसाच्या फडात पोहोचायचे असल्याने बाजरीची भाकरी त्याआधीच थापावी लागे, आणि हे काम बहुधा दिवसभर ऊस तोडणाऱ्या स्त्रीच्याच वाट्याला येई, ही गोष्ट या शिदोरीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी. बाजरीच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते लवकर कडू होते, म्हणून पिठाऐवजी धान्य सोबत नेऊन लागेल तसे दळणे सोयीचे पडे. चटणी मात्र कोरडी कुटलेली असल्याने अनेक दिवस टिके. उरलेली शिळी भाकरी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन सकाळी खाल्ली जाई.