रेडिएटर तापलेला आणि खिडकी उघडी



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं-सुना न्यूयॉर्ककडे आहेत. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्ससारख्या भागात जुन्या विटांच्या इमारतीत जी हिवाळ्यात राहून आली, तिने हे पाहिलं असेल. बाहेर बर्फ, आत रेडिएटर इतका तापलेला की खिडकी उघडावी लागते. हीटिंगचा खर्च बहुतेक ठिकाणी भाड्यातच धरलेला, त्यामुळे कुणी हिशेब विचारत नाही. मी पडले बी.कॉम. झालेली, मला राहवेना. इंधन जाळून रस्ता कशाला तापवायचा? वाचत गेले, तेव्हा कारण शंभर वर्षांपूर्वीचं निघालं.

एकोणिसाव्या शतकात रोगजंतूंची नीट माहिती नव्हती. बंद खोलीत माणसांनी सोडलेला श्वासच विषारी, असं अमेरिकेत पुष्कळ जण मानत. ल्युइस लीड्स नावाचे गृहस्थ यादवी युद्धानंतर याच विषयावर व्याख्यानं देत. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो आणि तिची बहीण कॅथरीन बीचर यांनी १८६९ साली ‘द अमेरिकन वुमन्स होम’ हे गृहिणींसाठी पुस्तक काढलं. त्यातही घरात हवा खेळती ठेवण्यावर मोठा भर होता.

मग १९१८ ची फ्लूची साथ आली. तीच, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत आणि जिने मुंबईतही घरं रिकामी केली. न्यूयॉर्कमध्ये लोक थंडीतही खिडक्या उघड्या ठेवून झोपू लागले. इंजिनिअर मंडळींनी मग बॉयलर आणि रेडिएटर त्याच बेताने मोठे बसवले: कडाक्याच्या थंडीत, खिडकी उघडी असतानाही खोली ऊबदार राहिली पाहिजे. विसाच्या दशकात बांधलेल्या कितीतरी इमारतींत ते रेडिएटर आजही आहेत. कोळसा जाऊन तेल आलं, गॅस आला, खिडक्या घट्ट बसणाऱ्या आल्या. रेडिएटर तेवढेच राहिले.

ही यंत्रणा समजायला आपल्याला अवघड नाही. तळघरात बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ पाइपातून आपोआप वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि बऱ्याच इमारतींत त्याच पाइपाने खाली येते. पंप लागत नाही. बर्फासारखं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्या पाण्याची वाफ करायला लागते. वाफेचं पाणी होताना तीच खोलीला मिळते.

मात्र वाफ शिरण्याआधी पाइपातली हवा बाहेर पडावी लागते. त्यासाठी पाइपाच्या टोकाला आणि प्रत्येक रेडिएटरला छोटे व्हेंट असतात. ते तुंबले की बॉयलरजवळची घरं भाजतात आणि टोकाची गारठतात. माझ्या लेकीच्या इमारतीत असंच होतं. तिच्याकडे पंखा सुरू, तर टोकाच्या फ्लॅटमधल्या एकट्या राहणाऱ्या आजी स्वेटरवर शाल घेऊन बसलेल्या. त्यांनी तक्रार केली की देखभाल करणारा माणूस बॉयलरचा दाब वाढवायचा. बाकीच्या घरांत आणखी खिडक्या उघडायच्या आणि आजी तशाच गारठलेल्या.

आपल्या कुकरची शिटी साधारण १५ पौंड दाबाला होते. अशा इमारतीला २ पौंडही पुष्कळ होतात. दाब वाढवून टोकाच्या घराला ऊब मिळत नाही, इंधन मात्र जास्त जळतं. जाणकार माणूस आधी मुख्य पाइपाचे व्हेंट बदलतो, जवळच्या रेडिएटरला हळू हवा सोडणारा आणि लांबच्याला भरभर सोडणारा व्हेंट लावतो, मग दाब उतरवतो. बॉयलर फक्त बाहेरच्या थंडीवर चालत असेल, तर काही घरांत तापमापक बसवून त्यावर चालवता येतो.

न्यूयॉर्कचा नियम १ ऑक्टोबर ते ३१ मे लागू असतो. बाहेर १३ अंशांखाली गेलं, तर सकाळी ६ ते रात्री १० घरात किमान २० अंश सेल्सिअस हवेत, रात्री साधारण १७. म्हणजे त्या आजींचा तो हक्कच होता. २०१९ च्या एका कायद्याने मोठ्या इमारतींच्या धुरावरही मर्यादा घातली आणि २०२४ पासून ती लागू झाली. आता तरी मालकांना हा हिशेब बघावा लागेल. आपण ज्याला अनर्थदंड म्हणतो, विनाकारण केलेली हिंसा, ती उघड्या खिडकीतून रोज होत असते.

लेकी-सुनांना एवढं सांगा. एकाच पाइपाच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा. अर्धवट ठेवला की पाणी अडतं आणि रात्री ठणठण आवाज येतो. रेडिएटरचा उतार व्हॉल्व्हच्या बाजूला हवा. आणि घर फार तापत असेल, तर खिडकी उघडून गप्प न बसता तेही कळवायचं. त्याच पाइपाच्या टोकाला कुणीतरी गारठलेलं असू शकतं.