विजेऐवजी गॅसचा गीझर
अरुणावतीकाठच्या आर्णीत (जि. यवतमाळ) काय किंवा शहरात काय, वीज गेली की विजेचा गीझर निरुपयोगी ठरतो. गॅस गीझरमध्ये साठवण टाकी नसते; नळ उघडताच बॅटरीच्या ठिणगीने ज्योत पेटते. मात्र पाण्याला पुरेसा दाब हवा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज किंवा ५० ग्रॅम एलपीजी लागतो.

खरा धोका बंद न्हाणीघरात असतो. ज्वलनास प्राणवायू अपुरा पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन, प्राणघातक वायू तयार होतो. त्यामुळे गीझर व सिलिंडर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावेत. आंघोळ करताना डोके जड झाल्यास तत्काळ बाहेर यावे.