बांध ठरला, पाणी राहिले

बांधाचे भांडण खेड्याला नवे नाही. सातबाऱ्यावर नाव चढले, तरी पाण्यावरून तंटा उरतोच. आज सांगायचा आहे तो असाच एक तंटा, पण उत्तर ध्रुवाजवळचा.

नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. १५९६ साली विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीला तो आढळला. पुढे देवमाशांच्या शिकारीपायी इंग्रज आणि डच तेथे एकमेकांवर धावून गेले. देवमासे सरले, भांडणही निवले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोळसा निघू लागला, तेव्हा मालक कोण हा प्रश्न पुन्हा उठला. जमीन तर बेवारस!

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला करार झाला. त्यातली तोड पाहण्यासारखी आहे. मालकी नॉर्वेची, पण सही करणाऱ्या प्रत्येक देशाच्या नागरिकांना मासेमारी, शिकार व खाणकाम यांत सारखी वागणूक, आणि युद्धासाठी बेटांचा वापर नाही. १९३५ साली सोव्हिएत रशियाही त्यात सामील झाला. पुढे १९४९ साली नॉर्वे 'नाटो'त गेला, तरी बारेंट्सबुर्ग येथे रशियन कामगार कोळसा काढीतच राहिले.

मग बिनसले कुठे? करारात बेटे आहेत आणि किनाऱ्यालगतचे पाणी आहे. त्यापलीकडच्या समुद्राचे काय? १९७७ साली नॉर्वेने बेटांभोवती २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारीवर आपले नियंत्रण जाहीर केले. रशियाने ते मान्य केले नाही. समुद्रतळावरचे खेकडे कोणी धरायचे, हाही वाद कोर्टात गेला; कराराचा समान हक्क तिथवर पोचत नाही, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

खेकड्यांसाठी एवढा खटाटोप का, असे तुम्ही म्हणाल. खरी गोम समुद्रतळाच्या हक्कात आहे. खेकड्यांवर ज्याचा हक्क, त्याचाच उद्या तळातल्या तेलावर! त्यात १९७९ पासून हा ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापतो आहे. बर्फ हटेल तसतसे पाणी मोकळे होते आणि पाण्याबरोबर हाव सुटते. २००७ साली रशियन पाणबुड्यांनी थेट ध्रुवाखाली, ४ हजार मीटरांहून खोल तळावर आपला झेंडा रोवला.

यात आपलाही धागा आहे, बरे का. १९२० च्या करारात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने हिंदुस्थानचीही सही होती. २००८ साली भारताने तेथे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्याच्या वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्था पाहते.

शिक्षकबंधूंनी मुलांना पृथ्वीगोलावर ही बेटे जरूर दाखवावीत, आणि हेही सांगावे की बलवान झेंडा रोवून मोकळा होतो. कागदावरच्या सह्यांचा आधार लागतो तो दुबळ्याला. म्हणून करार जुना झाला तरी तो फाडायचा नसतो. चार जणांनी बसून त्यात पाण्याची नोंद घालायची असते.