बेलापूर

नवी मुंबईच्या दक्षिण भागातील, पनवेल खाडीच्या मुखाजवळचे जुने बंदर आणि किल्ल्याचे गाव. ठाणे तालुका, ठाणे जिल्हा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिक डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गावठाण, कचेऱ्या, रेल्वे आणि महामार्ग अशी दाटी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळही एक बेलापूर आहे. दौंड–मनमाड मार्गावरचे ‘बेलापूर’ स्थानक तिकडचे; हार्बर मार्गावरच्या इथल्या स्थानकाची पाटी ‘सीबीडी बेलापूर’ अशी आहे. सीबीडी म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. ही तीन अक्षरे नियोजनकारांनी नकाशावर लिहिली आणि गावाच्या नावापुढे कायमची चिकटली. आता तर ‘सीबीडीला राहतो’ एवढ्यावरच भागते.

मूळचे नाव शाबाज. शहाबाज या गावठाणाच्या रूपाने ते अजून टिकून आहे. खाडीतून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या गलबतांवर इथून नजर ठेवता येत असे, म्हणून एवढ्याशा टेकाडासाठी इतक्या सत्ता झगडल्या. किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दींनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला, असे सांगतात. १६८२ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३० च्या दशकात मराठ्यांनी घेतला. मोहीम फत्ते झाली तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा नवस मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी केला होता आणि त्या बेलावरून बेलापूर, अशी नावाची कथा आहे. ती खरी धरायची की नावावरून मागाहून रचलेली, हे ज्याने त्याने ठरवावे. गावात मात्र तिच्याबद्दल कुणाला शंका नसते. २३ जून १८१७ रोजी कॅप्टन चार्ल्स ग्रे याने किल्ला कंपनी सरकारसाठी ताब्यात घेतला. मराठ्यांचे किल्ले पुन्हा उपयोगी पडू नयेत, या इंग्रजी धोरणापायी त्याची बरीच मोडतोड झाली.

भरभराटीच्या काळात इथे प्रत्येकी १८० शिपायांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा असत. आज शिल्लक आहे तो झाडांच्या मुळ्यांनी वेढलेला टेहळणीचा बुरूज आणि तटाचे तुटक अवशेष. अलीकडच्या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने संवर्धनाचे काम हाती घेतले. किल्ल्यातून घारापुरीपर्यंत भुयार जाते, ही दंतकथा इथेही आहे. मधे एवढी खाडी पसरलेली असताना ते कसे खणले असेल, असा प्रश्न सांगणाऱ्याला पडत नाही. किल्ले गावठाणातील गोवर्धनी मातेच्या देवळात मात्र रोजची जाग असते.

किल्ला गेल्यावर दीडशे वर्षे बेलापूर आगरी-कोळ्यांचे गाव म्हणूनच नांदले. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, आत भात पिकवायचा. कुठे मिठागरे, कुठे मासेमारी. या साऱ्या टापूला बेलापूर पट्टी म्हणत. ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने आले, तेव्हा बदलाची पहिली चाहूल लागली.

खरी उलथापालथ त्यानंतरची. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईला खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. बेलापूर हे नव्या शहराचे व्यापारी केंद्र होणार होते, पण त्यासाठी सरकारने स्वतः इकडे यावे, अशी नियोजनकारांची अपेक्षा होती. मंत्रालय जागचे हलले नाही आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. बेलापूरच्या वाट्याला आले सरकारी कचेऱ्यांचे कोकण भवन, सिडको भवन आणि कोकण रेल्वेचे मुख्यालय असलेले बेलापूर भवन. बाजारपेठेऐवजी कचेऱ्यांचे गाव झाले. संध्याकाळी सहानंतर ते चटकन रिकामे होते. जमिनी गेलेल्यांच्या पदरात संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पडले, तेही १९८४ मध्ये जासई येथे आंदोलक शेतकऱ्यांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारानंतर, शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यामुळे. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग इथल्या घराघरांत आहे.

प्रेक्षणीय म्हणावे असे ठिकाण, निदान या नोंदकर्त्याच्या मते, सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेज. कोरिया यांनी १९८३–८६ या काळात सुमारे ५५० कुटुंबांसाठी आखलेली ही बैठी वसाहत वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जगभर ठाऊक आहे. सात घरांमध्ये मिळून आठ मीटर चौरस अंगण, अशा तीन गटांची एकवीस घरे बारा मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. तिथून पुढे आणखी मोठे मैदान. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. दोन घरांना सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली वाढवता यावी. लोकांनी ही मुभा पुरेपूर वापरली. उतरत्या कौलांची मूळ घरे आता शोधावी लागतात. त्यांच्या जागी संगमरवरी पायऱ्यांचे दुमजली, तिमजली बंगले आले. अंगणे मात्र बुजलेली नाहीत: तुळशीवृंदावन, कपड्यांची दोरी, कडेला लावलेल्या स्कूटर आणि मधे चेंडू खेळणारी मुले. कोरियांचे घर गेले आणि अंगण राहिले, यात त्यांचा पराभव शोधणाऱ्यांना वसाहतीचे मर्म कळलेले नाही.

किल्ले चौकाजवळ नवी मुंबई महापालिकेचे घुमटाकार मुख्यालय २०१४ पासून उभे आहे. समोर २२५ फूट उंचीचा ध्वजस्तंभ. त्या भव्यतेच्या पलीकडे, खाडीच्या कडेला दिवाळे कोळीवाडा आहे. तिथे होड्यांची डागडुजी आणि ताज्या मासळीची विक्री अजून चालते. जिताडा मिळाला तर भाव विचारण्यात वेळ घालवू नये. बेलापुरातल्याच आग्रोळी गावाने ‘एक गाव, एक गणपती’ ही प्रथा सहा दशकांहून अधिक काळ पाळली आहे. शहरात गल्लोगल्ली मंडप पडतात त्या दिवसांत हे मुद्दाम पाहण्यासारखे.

लोकल १९९३ मध्ये बेलापूरपर्यंत पोहोचली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रोही धावते. पावसाळ्यात आर्टिस्ट व्हिलेजमागच्या डोंगरातून ओढे आणि धबधबे सुटतात आणि मुंबईकरांची झुंबड उडते. पाणी अचानक चढते, पलीकडे गेलेले अडकतात आणि अग्निशमन दलाला दोर घेऊन धावावे लागते. म्हणून जोराच्या पावसात ओढा ओलांडू नये.